ठरावाला अनुमोदक

उंबरखुंट्याच्या पंचायतीत सगुणाबाईला घेतलं ते ती तिथं कधी येणार नाही या खात्रीनंच. कायद्यानं दोन बाया घ्याव्या लागत होत्या. निवडणुकीला एकही बाई उभी राहिली नव्हती, तेव्हा सरपंच गोविंदरावांनी एक आपली चुलती घेतली आणि दुसरी बौद्धवाड्यातल्या आश्रुबाची बायको सगुणाबाई. चुलतीला डोळ्यांनी दिसत नव्हतं आणि सगुणाबाई रोजानं खुरपायला जाणारी. दोघींचा त्रास व्हायचं कारण नव्हतं. बैठक झाली की पंचायतीचा शिपाई बन्सीधर बांधावर यायचा, रजिस्टर उघडून धरायचा. सगुणाबाई खुरपं खाली ठेवून, बोटं पदराला पुसून सही करायची. प्रौढांच्या वर्गात ती सही शिकली होती, अक्षर जुळवत जुळवत वाचायलाही शिकली होती. पण कशावर सही केली हे तिनं कधी विचारलं नाही आणि बन्सीधरनं कधी सांगितलं नाही. वाड्यातल्या बाया तिला थट्टेनं मेंबरीण म्हणायच्या. तीही हसायची.

मोठा दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या साली, भादव्यात, तिची सासू लक्ष्मीबाई वारली. म्हातारी पिकलं पान होती, तिच्या जाण्याचं कुणाला नवल नव्हतं. पण त्या दिवशी ओढा दुथडी भरून चालला होता. बौद्धवाडा ओढ्याच्या एका अंगाला आणि बाकी सगळं दुसऱ्या अंगाला. गाव, शाळा, गिरणी, पालमची एसटी थांबायची तो फाटा आणि वाड्याची मसनवाटीची जागासुद्धा पलीकडंच. म्हातारीला आंघोळ घातली, पांढरं लुगडं नेसवलं आणि सगळे पाणी उतरायची वाट पाहत बसले. पाणी उतरेना. वरून पुन्हा आभाळ गळायला लागलं. गावातले लोक पलीकडच्या काठावर आले, लांबूनच हात जोडून उभे राहिले आणि गेले. दुसऱ्या दिवशी घरात बसवेना. उदबत्त्या संपल्या तेव्हा बायांनी लिंबाचा पाला जाळला. सगुणाबाई सासूच्या उशाला बसून लिंबाच्या डहाळीनं माशा वारत राहिली. आश्रुबा दारात पाठ करून बसला होता. आपल्या आईकडं त्याच्यानं बघवत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी पाणी कमरेला आलं तेव्हा चौघांनी तिरडी डोक्यावर घेतली. मधल्या धारेत एकाचा पाय घसरला आणि तिरडी कलली. काठावरच्या बाया एकदम खाली बसल्या. तिरडी सावरली, म्हातारी वाहून गेली नाही, पण डोक्याकडचं अंग पाण्यात बुडून निघालं. सगुणाबाईनं ते पाहिलं. पुढं कितीतरी दिवस भाकरी थापताना तिचा हात मध्येच थांबायचा, आणि तव्यावरची भाकरी करपायला लागली की आश्रुबा हाक मारायचा.

त्याच हिवाळ्यात बातमी आली की जिल्हा परिषदेनं उंबरखुंट्याच्या ओढ्यावर फरशी पूल मंजूर केला आहे. वाड्यात आनंदीआनंद झाला. पण पंडित गुरुजींनी त्या आनंदाला लगाम घातला. गुरुजी वाड्यातलेच, पालमच्या शाळेत मास्तर होते, रविवारी सायकलवर घरी यायचे. ते म्हणाले, पूल मंजूर झाला, पण कुठं बांधायचा ते पंचायत ठरवणार. ठरावात जी जागा लिहिली जाईल तिथं गिट्टी पडेल. आणि गोविंदरावांच्या मनात पूल वरच्या अंगाला, त्यांच्या मळ्यापाशी आहे. कापसाच्या गाड्या थेट सडकेला लागाव्यात म्हणून. तिथून वाड्यापर्यंत वाट नाही. मध्ये सगळी त्यांचीच जमीन.

विहार म्हणजे पत्र्याचं छप्पर टाकलेली एक खोली. समोर बाबासाहेबांचा फोटो, खाली सारवलेली भुई. त्या रविवारी तिथं बाया-माणसं जमली. कुणी म्हणालं गोविंदरावांच्या पाया पडावं, कुणी म्हणालं पुढाऱ्याकडं जावं. गुरुजी सगळ्यांचं ऐकून घेऊन म्हणाले, पंचायतीत आपले दोन मेंबर आहेत, एक रंगनाथ आणि एक सगुणाबाई. ठराव मांडायला एक लागतो, त्याला अनुमोदन द्यायला एक लागतो. दोघं झाले की तो विषय मताला टाकावाच लागतो. मत पडलं तर पडलं, हरलो तर हरलो, पण विषय कुणाला गिळता येत नाही.

गुरुजींनीच बोलावं असं सगुणाबाईनं सुचवलं. गुरुजींनी मान खाली घातली. ते सरकारी नोकर, पंचायतीच्या बैठकीत त्यांना बसता येत नव्हतं, आणि बदलीचा कागद निघायला वेळ लागत नाही हेही सगळ्यांना ठाऊक होतं.

मग रविवारमागून रविवार गुरुजींनी तिला शिकवलं. उभं कधी राहायचं, अध्यक्षाकडं बघून कसं बोलायचं, आधी जागा सांगायची आणि मग कारण. म्हातारीची सगळी कथा सांगायची नाही, एक वाक्य सांगायचं. रडू आलं तर थांबायचं, पाणी प्यायचं, पण खाली बसायचं नाही. बसलं की विषय संपला. कुणी मध्ये बोललं तर म्हणायचं, माझं पुरं होऊ द्या. आणि इतिवृत्त वाचून दाखवल्याशिवाय, म्हणजे बैठकीत काय झालं ते काय लिहिलंय हे ऐकल्याशिवाय, सही करायची नाही.

"आन मालक म्हनायचं न्हाई," गुरुजी म्हणाले. "तितं ते मालक न्हाईत. अध्यक्ष हायेत."

तालमीला धुरपताबाई सरपंच व्हायची. धुरपताबाई शेजारची, विधवा, तोंडानं फटकळ. ती उपडं घमेलं घालून त्यावर बसायची, मिशीला पीळ दिल्यासारखं करायची आणि विचारायची, "काय सगुणाबाई, आज इकडं कुनीकडं?" सगुणाबाई उभी राहून बोलायला लागायची आणि तिसऱ्याच शब्दाला "मालक" म्हणायची. बाया हसून लोळायच्या. पुन्हा पहिल्यापासून. संक्रांत येईतो मात्र ती न अडखळता बोलायला लागली. रानात एकटी असताना ती तुरीच्या ओळींना ठराव सांगायची.

रंगनाथ राखीव जागेवरून निवडून आला होता. आश्रुबाच्या भावकीतला, नात्यानं तिचा दीर. तो गोविंदरावांकडं साल धरून होता. राहायचा वाड्यात, पण दिवस सगळा मळ्यातच. अनुमोदनाचं त्याच्याशी बोलायला सगुणाबाई आणि आश्रुबा त्याच्या घरी गेले. रंगनाथनं दोघांना बसायला घोंगडी टाकली. बायको आतून बघत होती. मग तो म्हणाला, "वैनी, मढ्याला खांदा मीच दिल्ता. माझाच पाय घसरला व्हता. तुमी मांडा, मी अनुमोदन देतो." तो पाय रंगनाथचा होता हे सगुणाबाईला तोवर माहीत नव्हतं.

पहिल्या बैठकीला ती गेली तेव्हा पंचायतीच्या ओसरीवर बसलेली माणसं जागची हलली नाहीत. गोविंदराव मात्र उठून उभे राहिले. मोठे अदबीचे गृहस्थ, आवाज चढवलेला कुणी ऐकला नव्हता. त्यांनी बन्सीधरला बाईंना खुर्ची द्यायला सांगितलं. सगुणाबाई खुर्चीवर कधी बसली नव्हती, ती कडेला टेकली. विषय चालत राहिले. दिवाबत्ती, घरपट्टी, कोंडवाडा. मग ती उभी राहिली. ग्रामसेवक दिनकरराव लगेच म्हणाले की हा विषय आजच्या विषयपत्रिकेत नाही. तिनं आधीच लेखी दिलं होतं, गुरुजींनी लिहून दिलेला कागद तिनं स्वतः दिनकररावांच्या हातात ठेवला होता. दिनकरराव म्हणाले, कागद मिळाला, पण विषयपत्रिका तोवर निघाली होती. पुढच्या बैठकीत घेऊ. गोविंदरावांनीही मान हलवली. सगळं कायद्याप्रमाणं होतं. सगुणाबाईला त्यावर काय बोलायचं ते शिकवलेलं नव्हतं.

पुढची बैठक होळीच्या तोंडावर झाली. या वेळी विषय पत्रिकेत होता. ओढ्यावरील फरशी पुलाची जागा निश्चित करणे. वाड्यातल्या बाया आपण होऊन तिच्याबरोबर आल्या आणि ओसरीच्या खाली, लिंबाच्या सावलीला बसल्या. गोविंदरावांनी त्यांनाही पाणी द्यायला सांगितलं.

उपसरपंच अप्पारावांनी मळ्यापाशी पूल व्हावा असं सुचवलं आणि दुसऱ्यानं लागलीच अनुमोदन दिलं. दिनकरराव लिहायला लागले. सगुणाबाई उभी राहिली.

"अध्यक्ष," ती म्हणाली, "माझी दुसरी सूचना हाय. फरशी पूल वाड्याच्या उतारापाशी व्हावा. पावसाळ्यात आमाला दवाखाना न्हाई, लेकरायला शाळा न्हाई. माझ्या सासूचं मढं दोन रात्री घरात पडलं व्हतं. तितं पूल झाला तर गावालाबी जवळ पडतो."

अप्पाराव काहीतरी बोलायला लागले. ती म्हणाली, "माझं पुरं होऊ द्या." खाली लिंबाखाली धुरपताबाईनं शेजारणीचा दंड धरला.

"पुरं झालं," सगुणाबाई म्हणाली आणि उभीच राहिली.

गोविंदरावांनी मान डोलावली. बाईंनी चांगलं मांडलं, असं ते म्हणाले. मग त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि शांतपणे विचारलं, "याला अनुमोदक कोन?"

रंगनाथ भिंतीला टेकून बसला होता. सगुणाबाईनं त्याच्याकडं पाहिलं. तो आपल्या पायांच्या बोटांकडं बघत होता. गोविंदराव त्याच्याकडं बघतही नव्हते, ते सुपारी कातरत होते. गुढीपाडवा तोंडावर आला होता, सालगड्यांची सालं तेव्हाच संपायची आणि तेव्हाच पुन्हा धरली जायची. रंगनाथ भिंतीपासून जरा पुढं सरकला. सगुणाबाईला वाटलं, आता बोलतो. ती मनातल्या मनात ते एक वाक्य त्याच्यासाठी म्हणत राहिली, लेकराला बाराखडी सांगावी तसं. अनुमोदन देतो. एवढंच म्हणायचं होतं.

"कुनीच न्हाई?" गोविंदराव म्हणाले. त्यांच्या आवाजात खरोखरच थोडी खंत होती. "मग सूचना मताला टाकता येत न्हाई, सगुणाबाई. कायदाच तसा हाय."

"भावजी," सगुणाबाई म्हणाली. तेवढंच तिच्या तोंडून निघालं, आणि ते बैठकीत बोलायचं बोलणं नव्हतं. रंगनाथनं मान वर केली नाही.

शेवटी दिनकररावांनी रजिस्टर पुढं केलं. तिनं आधी वाचून दाखवायला सांगितलं. त्यांनी भरभर वाचलं. ठराव सर्वानुमते मंजूर. ती म्हणाली, माझं मत नाही, तसं लिहा. दिनकरराव कुरकुरले. गोविंदरावच म्हणाले, "लिवा की दिनकरराव. बाईंचा हक्क हाय." दिनकररावांनी एक शब्द खोडला, बहुमताने असं लिहिलं आणि खाली सौ. सगुणाबाई यांचा विरोध अशी ओळ टाकली. तिनं सही केली.

त्या रविवारी पंडित गुरुजींना ते ऐकून फार बरं वाटलं. विरोध नोंदला गेला, ही मोठी गोष्ट झाली, असं त्यांनी दोनदा सांगितलं. बाया ऐकत होत्या. त्यांच्यातल्या कमलबाईनं विचारलं, "मंग पूल कुटं व्हनार?" गुरुजींनी पंचायत समितीच्या साहेबांच्या नावानं अर्ज लिहायला घेतला.

त्यांनी सांगितल्याप्रमाणं सगुणाबाई, आश्रुबा आणि धुरपताबाई तालुक्याला जाऊन साहेबांना भेटले. सकाळच्या एसटीनं गेले, दुपार कलल्यावर आत बोलावणं आलं. साहेब तरुण होते, तिघांना बसायला सांगितलं, कागद नीट वाचला. ते म्हणाले की बाई, तुम्ही सगळं बरोबर केलंत, पण ठराव नियमानं झाला आहे, जागा ठरवायचा अधिकार पंचायतीचा. तुमच्या बाजूचा ठराव झालाच नाही, मी कशावर हात ठेवू? एकानं जरी अनुमोदन दिलं असतं तर निदान विषय पुढं पाठवता आला असता. हे बोलताना त्यांनी कागदाची घडी पुन्हा पहिल्यासारखी करून तिच्या हातात दिली. येताना एसटीत धुरपताबाई खिडकीबाहेर बघत म्हणाली, मानूस वाईट न्हाई. आश्रुबा म्हणाला, कोनच वाईट न्हाई.

उन्हाळ्यात मळ्यापाशी काम सुरू झालं. गिट्टी फोडायला, माती वाहायला बाया पाहिजे होत्या आणि वाड्याला दुसरं काम नव्हतं. सगुणाबाई पहिले चार दिवस गेली नाही. पाचव्या दिवशी घमेलं घेऊन गेली. नाहीतर खायचं काय? बाकीच्या बाया तिच्या घमेल्यात माती कमी भरायच्या. रंगनाथ मळ्यात पाणी द्यायचा, पण बाया दिसल्या की दुसऱ्या वाफ्याला सरकायचा. एकदा तो पाण्याची कळशी आणून बांधावर ठेवून गेला. धुरपताबाईनं ती लाथेनं कलंडवली. सगुणाबाईला तिचा राग आला आणि रंगनाथचाही आला, आणि कुणाचा जास्त हे तिला कळेना. पाडव्याला त्याचं साल पुन्हा धरलं होतं. त्याची तीन लेकरं वाड्यातच उघडी फिरायची, तिच्याच अंगणात येऊन भाकरी मागायची. त्यांना ती काय म्हणणार होती?

मिरगाच्या आधी पूल पुरा झाला. मळ्याभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण पडलं. ढोरं शिरतात म्हणून.

श्रावणात सगुणाबाईची सून विमला अडली. मुलगा कामाला बाहेरगावी होता. पहिलंच बाळंतपण. वाड्यातली सुईण सरजाबाई पहाटेपासून बसली होती. दिवस वर आला तेव्हा ती बाहेर येऊन म्हणाली, माझ्या हातातलं न्हाई, दवाखाना गाठा. ओढा भरून वाहत होता. आश्रुबानं आणि तिघांनी विमलेला बाजेवर घातलं, बाज उचलली, आणि सगळे चिखलातून वरच्या अंगाला, मळ्याकडं निघाले. दुसरी वाट नव्हती. गोविंदराव परभणीला गेले होते हे सगुणाबाईला वाटेत कुणीतरी सांगितलं. कुंपणापाशी आले तेव्हा रंगनाथ आतल्या बाजूला उभा होता. बाज पाहिल्याबरोबर तो काही न विचारता पुढं झाला. काटे उघड्या हातांनी धरून त्यानं बाजूला ओढले, कापसाच्या दोन ओळी तुडवून वाट केली आणि बाजेचा एक खूर आपल्या खांद्यावर घेतला. फरशीवरून पाणी घोट्याएवढंच जात होतं. तो फाट्यापर्यंत आला. एक मालवाहू गाडी थांबली तिच्यात विमलेला चढवलं, आणि मग तो परत फिरला. तळहातांतून रक्त येत होतं.

पालमला विमलेला मुलगी झाली. दोघी जगल्या.

चार दिवसांनी घरी निघाले तेव्हाही ओढा उतरला नव्हता. फाट्यावरून ते पुलावर आले. पुढं कुंपण पुन्हा लागलेलं होतं, पहिल्यापेक्षा दाट. काटे ताजे होते. आत रंगनाथ होता आणि त्याच्या पलीकडं छत्री घेऊन गोविंदराव. विमला आश्रुबाच्या आधारानं कशीबशी उभी होती, लेकरू सगुणाबाईच्या पदराखाली होतं आणि आभाळ भरून आलं होतं.

गोविंदराव पुढं आले. त्यांनी आधी लेकराची चौकशी केली. मग नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाले, "सगुणाबाई, इचारायचं की हो. मी न्हाई म्हनलं असतं का? मागं कुनालाबी न इचारता कापूस तुडवला, त्याचं वाईट वाटलं. रंगनाथलाबी तेच सांगितलं मी." रंगनाथच्या हाताला फडकं बांधलेलं होतं. तो जमिनीकडं बघत होता.

सगुणाबाईच्या मनात बरंच काही आलं. हा पूल सरकारी पैशाचा आहे, याची माती तिनं स्वतः वाहिली आहे, वाट मागायची नसते. हे सगळं तिला आता नीट बोलता येत होतं. पण इथं बैठक नव्हती, आणि पदराखाली लेकरू चुळबुळत होतं. विमलेचे ओठ पांढरे पडत चालले होते. पहिला थेंब पडला.

"चुकलं आमचं," ती म्हणाली. "वाट द्या."

"असं कसं, घरचीच मान्सं हाव तुमी," गोविंदराव म्हणाले आणि त्यांनी रंगनाथकडं नुसतं पाहिलं. रंगनाथनं काटे बाजूला घेतले. गोविंदरावांनी आपली छत्री विमलेच्या डोक्यावर धरली आणि बांध संपेपर्यंत धरून चालले.

बांधाच्या टोकाशी ते थांबले तेव्हा सगुणाबाईनं लेकरू एका हातावर तोललं, दुसरा हात कपाळाला लावला आणि म्हणाली, "लय उपकार झाले."

"उपकार कसले," ते म्हणाले आणि परत फिरले.

मागं काटे ओढल्याचा आवाज आला. तिनं वळून पाहिलं नाही. आश्रुबा पुढं चालत होता, चिखलात पाय रोवून विमलेला सांभाळत. पाऊस जोरात आला तेव्हा तिनं लेकराच्या तोंडावर पदर ओढला. वाड्याच्या तोंडाशी धुरपताबाई आणि बाया भिजत उभ्या होत्या. त्यांनी लेकरू हातोहात घेतलं, पोरगी हाय का, रंग कुनावर गेलाय, आई बरी हाय का, असं विचारत राहिल्या. सगुणाबाई एकेकीला उत्तर देत गेली. वाट कशी मिळाली, हे तिला कुणी विचारलं नाही.